जीपचा उजवा दिवा

आमच्या सुनेला एक फार वाईट खोड आहे. ती उलटून बोलत नाही.

आपण एक बोलावं, समोरच्यानं दोन बोलावं, मग आपण चार बोलावं, आवाज चढावा, शेजारची दोन डोकी कुंपणावरून दिसावीत आणि शेवटी चहा व्हावा, असं घर मला ठाऊक. माझी सासू गेली तोवर आमचं तसंच चाललं. ही आली आणि घर मुकं झालं. मी बोलत राहायची आणि ही खाली मान घालून हातातलं काम करत राहायची. मोकळ्या विहिरीत ओरडलं तर विहीर निदान आवाज परत देते.

"बघ," मी त्या दिवशी उत्तमला म्हणाले, "तुझी बायको सोप्यात काय मांडून बसलीय."

उत्तम माझा एकुलता एक मुलगा. आमच्या गावाजवळच्या आजऱ्याहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीपर्यंत माणसं भरून नेणारी आमची वडापची जीप चालायची. जीप माझ्या नावावर, चालवायचा तो. त्याची बायको संयोगिता गडहिंग्लजची, दत्तू मिस्त्रींची मुलगी. मिस्त्रींचं काम गाड्यांच्या वायरिंगचं. दुसऱ्या मुली लग्नात कपाट घेऊन येतात, ही पत्र्याची हत्यारांची पेटी घेऊन आली. मी ती पेटी पलंगाखाली ढकलली आणि वर्षभर तिचा विषय काढला नाही.

आता ती पेटी सोप्यात उघडी पडली होती. पोत्यावर वायरींचं भेंडोळं, करंट वाढवणाऱ्या दोन लोखंडी डब्या, दोन भिंगं, आणि मऊ स्पंजाच्या खोक्यात बोटाएवढे दोन दिवे. उत्तमनं कोल्हापूरहून आणलेला हा सगळा संच. कारण एवढंच की त्याच रस्त्यावर धावणाऱ्या केरबाच्या जीपला तसले पांढरेफेक दिवे लागले होते आणि पावसाळ्यात घाट उतरायचा म्हटलं की माणसं आमची जीप सोडून त्याच्या जीपकडं पळायची. आमच्या गाडीचे दिवे जुने, पिवळे, धुक्यात पुढच्या चाकापर्यंतसुद्धा उजेड न्यायचे नाहीत.

उत्तमला निळसर दिवे हवे होते. संयोगितानं ते घेऊ दिले नाहीत, हे मला मागाहून कळलं. निळा दिवा दिसायला झक्क, पण धुक्यात त्याची नुसती पांढरी भिंत उभी राहते, असं तिचं म्हणणं. तिनं दुधासारखा, किंचित पिवळट उजेडाचा घ्यायला लावला. केरबानं नुसते दिवे बदललेत म्हणाली, त्यामुळं समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत सुया जातात. आपल्या गाडीला भिंग बसवायचं आणि उजेड खाली रस्त्यावरच पाडायचा.

"हे फिटरकडं न्यायचं सोडून घरात कशाला?" मी विचारलं.

उत्तम डोकं खाजवत म्हणाला, "आई, हीच बसवते म्हणतेय."

मी हसले. ती हसली नाही. खाली बघून स्क्रू निवडत राहिली. मग एकाएकी म्हणाली, "आत्ती, रस्त्याकडेचं आपलं खोपट रिकामं आहे. मला तिथं वायरिंगचं काम सुरू करायचंय."

वर्षभरात तिनं माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट. खोपटात मी जळणाच्या शेणी ठेवायची, म्हणजे रिकामं असं नव्हतंच. पण मला तिचा राग आला तो शेणींसाठी नाही. चारचौघांत बसून माझी सून गाड्यांच्या पोटात हात घालणार, आणि लोक मला विचारणार की घरात खायला नाही का.

मी म्हणाले, "हे दिवे बसव. सावंतवाडीची एक खेप नीट झाली तर खोपट तुझं. काही वाकडं झालं तर ही पेटी माळ्यावर जाईल आणि तू चुलीपाशी. पुन्हा विषय नाही काढायचा."

"चालेल," ती म्हणाली. उत्तम मधे काही बोलणार होता, तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तो गप्प झाला.

मग मी एक दिवा उचलायला वाकले, तर ती पटकन म्हणाली, "आत्ती, काचेला तेवढा हात लावू नका."

माझ्याच घरात मला हात लावू नको म्हणते. ती स्वतः ते दिवे रुमालात धरून उचलत होती, जणू आमच्या हवेनं ते बाटणार होते. ते शब्द मनात रुतून बसले.

दुपारी दोघं जेवायला आत गेली. सोप्यात मी एकटी. आमच्या घरात नवी वस्तू हळदीकुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, ही माझ्या सासूपासूनची रीत. जीप आणली तेव्हा तिला लावलं, मिक्सरला लावलं, उत्तमच्या मोबाइललासुद्धा लावलं. आणि घाटात ज्यांच्या भरवशावर दहा माणसं बसणार त्या दिव्यांना कोरडंच पाठवायचं होतं का? मी देवघरातून करंडा आणला. गुळगुळीत काचेवर हळद ठरेना, म्हणून समईतल्या तेलात बोट बुडवलं आणि हळदीचं एक बोट ओढलं, खाली पितळेच्या बुडावर कुंकू टेकवलं. हात जोडून म्हणाले, माझ्या लेकराची वाट दाखव बाबा. एकाचं झालं, तेवढ्यात आत ताट सरकल्याचा आवाज आला. मी दिवा खोक्यात उलटा ठेवून दिला आणि काहीच झालं नाही अशी सुपारी कातरत बसले. दुसरा दिवा तसाच राहिला.

जेवून आल्यावर तिनं काम हाती घेतलं ते दिवेलागणीपर्यंत. आणि आता खरं सांगायचं तर मी तिथून हलले नाही. गवार निवडायला घेतली होती, ती तशीच सुपात राहिली. माझा नवरा जीप दुरुस्त करायचा तेव्हा निम्मा वेळ शिव्यांत जायचा. ही एक शब्द बोलत नव्हती. कुठली वायर कुठं जाते हे तिला बघावंही लागत नव्हतं, बोटं परस्पर जाऊन पोचत होती. जुनी वायर तिनं कापली नाही. पट्टीनं बांधून बाजूला ठेवली. दिवे बसवायची वेळ आली तोवर अंधारून आलं होतं. बॉनेटखाली वाकून तिनं चाचपतच, बुडाशी धरून, ते जागेवर बसवले.

मग उत्तमला जीप देवळामागच्या शाळेच्या भिंतीपुढं लावायला सांगितली. टेपनं भुईपासून दिव्यापर्यंतची उंची मोजली, भिंतीवर त्याच उंचीवर खडूनं रेघ मारली, आणि तिच्याखाली चार बोटांवर दुसरी. मग स्क्रू फिरवत फिरवत उजेडाची वरची कड त्या खालच्या रेघेवर आणून ठेवली. तांदळाच्या पिठाची रांगोळी ओढावी तशी सरळ कड. वर काळोख, खाली दूध. मी समोरून चालत आले, माझ्या डोळ्यांत कण गेला नाही. पाय मात्र उजेडात चालत होते.

"बरे आहेत," मी म्हणाले. मनात काय होतं ते बोलायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी श्रावणातला सोमवार. दुपारच्या खेपेला मी पुढच्या सीटवर बसले. माझ्या गाडीचा नवा उजेड दुसऱ्या कुणी आधी बघायचा, हे मला चाललं नसतं. संयोगिता मागं, मांडीवर पेटी घेऊन. आणखी आठ माणसं, त्यांत बेकरीवाला पावलू खारीचे डबे घेऊन सावंतवाडीला निघालेला. पावलूला बोलल्याशिवाय श्वास घेता येत नाही. आजऱ्यापासून तो सांगत होता की आज मुद्दाम केरबाची जीप सोडून आमच्यात बसलाय.

घाट सुरू झाला आणि साडेचारलाच सगळं पुसून गेलं. आंबोलीचं धुकं ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. उत्तमनं दिवे लावले. रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड एकामागून एक उठून उभे राहिले. खालची दरी कुठून सुरू होते ते दिसत होतं, पाणी कुठं वाहतंय ते दिसत होतं. गाडीतली सगळी पुढं वाकून बघायला लागली. पावलूसुद्धा. मग तोच म्हणाला, "आक्का, वहिनींनी चंद्र बांधून आणलाय की गाडीला."

मी मान वळवून मागं बघितलं नाही. पण पदर सारखा केला आणि ताठ बसले, जशी जीप मीच घडवली होती.

तीन वळणं गेली. चौथ्यावर कुणी सुपारी फोडावी तसा टप असा आवाज झाला आणि उजवीकडचा उजेड गेला.

समोरून ट्रक वर येत होता. त्याला आमचा डावा दिवा तेवढा दिसला असणार. त्याला वाटलं मोटारसायकल आहे, कडेकडेनं जाईल. तो आमच्या बाजूला सरकला. धुक्यातून त्याचं तोंड एकदम खिडकीएवढं, मग दाराएवढं झालं. उत्तमनं जीप डाव्या हाताला डोंगराच्या गटारीत घातली. ट्रक आमचा उजवा आरसा घेऊन गेला. खारीचे डबे आमच्या डोक्यांवरून पुढं आले. कुणाला लागलं नाही.

पहिला आवाज माझा. मी मागं वळले आणि तोंड सोडलं. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. तिच्या बापाचंही नाव घेतलं एवढं सांगते.

ती खाली उतरली. उत्तमला म्हणाली, "लाइट बंद करा. मी सांगेपर्यंत बटणाला हात लावू नका. त्यात करंट जोरात असतो." मग पावलूला म्हणाली, "तुम्ही त्या वळणावर उभं राहून येणाऱ्या गाड्यांना हात करा." तिचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पावलू निमूट गेला.

तिनं बॉनेट उघडलं, थोडं थांबली, मग फुटलेला दिवा रुमालात धरून बाहेर काढला. तो डोळ्यांजवळ नेला. फिरवून बघितला. आणि मग मान वर करून तिनं बॉनेटच्या कडेनं माझ्याकडं बघितलं. चांगला दोन-तीन श्वास बघत राहिली. मला वाटलं भ्यायली. आता पुढं काय होणार हे कळलं म्हणून भ्यायली. मी माझं तोंड थांबवलं नाही.

तिनं तो दिवा रुमालात गुंडाळून पेटीत टाकला आणि पेटीतूनच जुना पिवळा दिवा काढला. जुनी वायर कापली नव्हती, ती सोडवली, दिवा लावला. भिंग काढून जुनी काच बसवली. सगळं पंधरा मिनिटांत, पावसात. उत्तमनं जीप गटारीतून बाहेर काढली आणि आम्ही एक डोळा पांढरा, एक डोळा पिवळा अशा अवतारात सावंतवाडीत शिरलो. स्टँडवरची माणसं बोटं दाखवून हसत होती.

"जुने दिवे बरोबर आणलेस," मी तिला म्हणाले, "म्हणजे तुझाच तुझ्या कामावर भरवसा नव्हता."

तिनं पेटीची कडी लावली.

घरी आल्यावर मी पेटीचं नाव काढायच्या आत तिनं शिडी लावली, पेटी स्वतः माळ्यावर ठेवली, शिडी जागेवर ठेवली आणि भाकरी थापायला बसली. उत्तमनं दुसरा पांढरा दिवाही काढून टाकला. आणि मी काय केलं? गिरणीत दळण घेऊन गेले तर तिथं सांगितलं, हळदीकुंकवाला गेले तर तिथं सांगितलं, की आमच्या सुनेनं दिवे बसवले आणि दहा माणसं दरीत जायची वाचली. ऐकणाऱ्या बाया हसायच्या, आणि ती शेजारी उभी असायची. गावात दोघा-तिघांनी ट्रॅक्टरचं वायरिंग बघतेस का म्हणून विचारलं होतं, ते पुन्हा आले नाहीत.

श्रावण गेला, दिवाळी गेली. संक्रांतीच्या आठवड्यात जीपचा एक जुना दिवा गेला. मी उत्तमबरोबर आजऱ्याला होते, म्हणून दुकानात सोबत गेले. दुकानदारानं नवा दिवा पुढं ठेवला. तो नीट बघून घ्यावा म्हणून मी बोट पुढं केलं, तर तो म्हणाला, "मावशी, काचेला बोट नको."

"का? तुझा दिवा बाटतोय काय?"

तो हसला. "तसं न्हाई. हाताचं तेल काचेला लागलं की दिवा पेटल्यावर तेवढीच जागा जास्त तापते. मग काच तडकते."

"नुसत्या बोटाच्या तेलानं?"

"नुसत्या बोटाच्या. गोडं तेल असलं तर मग बघायलाच नको."

मी विचारलं, "आणि ते पांढऱ्या उजेडाचे असतात ते?"

"ते तर ह्याहून नाजूक, मावशी. ते रुमालातच धरायचे."

घरी येईपर्यंत मी माझ्या बोटाकडंच बघत होते. उत्तमनं दोनदा विचारलं, बोटाला लागलंय का. मी मान हलवली.

संयोगिता ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती. मी शिडी लावली. माझे गुडघे तेव्हाच कामातून गेले होते, तरी चढले. पेटी पायरी पायरीवर टेकवत खाली आणली आणि सोप्यात बसून उघडली. एकेक हत्यार तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळलेलं, जणू उद्याच लागणार होतं. तळाशी तो रुमाल. आत दिवा. काच तडकलेली, आणि तडा जिथून सुरू झाला तिथं माझ्या बोटाएवढा ओढलेला डाग, मधे करपून काळा झालेला, कडेला अजून पिवळा. खाली पितळेच्या बुडाला ताप पोचला नव्हता. तिथं कुंकू होतं तसंच लाल होतं.

ती धुण्याची बादली घेऊन दारात आली तेव्हा मी तो दिवा पुढ्यात घेऊन बसले होते. तिनं बादली खाली ठेवली.

"हे तू घाटातच बघितलंस," मी म्हणाले.

"व्हय."

"आणि बोट कुणाचं तेही कळलं."

"आपल्या घरात दिव्याला कुंकू दुसरं कोण लावणार, आत्ती?"

"मग बोलली का न्हाईस?"

"गाडीत एवढी माणसं होती."

"घरी आल्यावर?"

तिनं ओल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले. "घरी तुम्हीच बोलत होता. मधे जागा सापडली न्हाई."

उत्तम मागं उभा होता, त्याला खोकला आला. मी त्याच्याकडं बघितलं तशी तो अंगणात गेला.

"पाच महिने मी गावभर तुझं नाव घालवलं," मी म्हणाले. "तू शेजारी उभी होतीस. तेव्हाही जागा सापडली न्हाई?"

ती माझ्यासमोर बसली. काय बोलायचं ते आधी मनात जुळवून घेत होती. "तुम्ही हात जोडून हळद लावली होती त्याला. दगड मारला असता तर बोलले असते. आणि चूक माझीच आहे. काचेला हात लावू नका एवढंच म्हणाले, का लावायचा न्हाई ते सांगितलं न्हाई. बसवताना उजेडात धरून बघितलाही न्हाई. बाबा म्हणायचे, माणसाला आधी कारण सांगायचं, मग नको म्हणायचं."

"मग हा फुटका दिवा जपून कशाला ठेवलास?"

"बाबांना दाखवणार होते. खोट दिव्यात होती का माझ्या हातात, एवढं त्यांनी बघून सांगावं म्हणून."

"दिवाळीला गेली होतीस की माहेरी. दाखवलास?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. "कुंकू दिसलं असतं त्यांना."

जिच्या बापाचं नाव मी भर घाटात घेतलं, तिनं त्याच बापापुढं माझं नाव झाकून ठेवलं होतं, आणि त्यासाठी स्वतःची पेटी माळ्यावर चढवली होती. मी तिच्याकडं बघत राहिले. हात धुण्याच्या साबणानं पांढरे पडले होते. या हातांनी शाळेच्या भिंतीवर रेघ ओढून उजेड तिच्यावर बसवला होता, आणि मी त्याला बरे आहेत म्हणाले होते.

मी उठले. आधी खोपटातल्या शेणी उत्तमला अंगणात काढायला सांगितल्या. त्यानं का म्हणून विचारलं नाही, पाटी घेऊन पळाला. मग देवघरातल्या खिळ्यावरून खोपटाची किल्ली काढली आणि परत येऊन तिच्यापुढं उभी राहिले. रस्त्यावरून पावलू सायकलवर चालला होता, त्याला मी हाक मारून फाटकात थांबवलं. गावभर सांगायला तो एकटा पुरा होता.

ती उठून उभी राहिली. पदराला हात पुसले, आणि सवयीनं खाली मान घातली.

"मान वर कर," मी म्हणाले. "संयोगिता, मिस्त्री म्हणून तू तुझ्या बापाच्या वरचढ आहेस, हे मी ह्या पावलूसमोर सांगते. पण सून म्हणून तू अगदी कच्ची. पक्की असतीस तर त्याच दिवशी हा दिवा माझ्यापुढं आपटून माझ्याशी कडाकडा भांडली असतीस. ही किल्ली घे, पेटी उचल, आणि उद्यापासून भांडायला शीक."